बरकंदाज आमच्या घरी

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मी ओळीनं चार रविवार बंदूक चालवली. वाचकहो, दचकू नका. मी बँकेतून निवृत्त झालेला, नेरुळच्या सिडकोच्या जुन्या इमारतीत राहणारा, अधूनमधून कादंबऱ्या लिहिणारा गृहस्थ आहे. रक्तदाबाची सोडून दुसरी कुठली गोळी माझ्या परिचयाची नाही. ही बंदूक होती नातवाच्या शंभर पानी वहीत, पेन्सिलीनं लिहिलेली. तरीही सूनबाईनं नाक मुरडलंच. "राक्षस, तलवारी इथपर्यंत ठीक होतं. आता बंदुका कशाला?"

"आई, ती खेळात चालेल का, तेच तर बघायचंय," नातू म्हणाला.

हा खेळ आमच्या पिढीला ठाऊक नव्हता. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नावानं तो बाजारात आणला, आणि पुढं त्याची अनेक भावंडं निघाली. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार. तो गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. "मी दार फोडतो" असं म्हटलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. दार फुटलं की खांदा निखळला, ते फासा ठरवतो. प्रत्येक पात्राचा एक 'क्लास' असतो: कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर. रोजच्या लोकलच्या प्रवासामुळे मला हा शब्द आधी डब्याचा वाटला होता.

नातवानं सुट्टीभर खपून बंदूकवाल्याचा एक नवा क्लास रचला होता आणि त्याला नाव दिलं होतं 'गारदी'. मी हरकत घेतली. गारदी म्हटलं की मराठी माणसाला आधी आठवते १७७३ सालची शनिवारवाड्यातली नारायणरावांची किंकाळी. शेवटी 'बरकंदाज' ठरलं. हा बरकंदाज खेळून पारखायचा तर खेळातलं काहीही न कळणारा एक भिडू हवा होता. नियम समजावून सांगायला लिहिणारा जवळ नसताना नवख्याला ते कळतात का, हीही परीक्षाच असते. घरात त्या पात्रतेचा मीच होतो.

पहिल्या रविवारी तिघं मुलं आली. नातवाचा शाळासोबती तलवारबाज, वरच्या मजल्यावरची मुलगी तिरंदाज आणि तिचा धाकटा भाऊ मांत्रिक. दाराशीच एक चिलखतधारी राक्षस उभा होता. मी फासा टाकला. वहीतल्या नियमाप्रमाणे गोळीपुढं चिलखताचा उपयोग नव्हता. राक्षस पडला. पुढच्या दालनात आणखी दोन होते, तेही मीच पाडले. मला, खरं सांगतो, फार मजा आली. सूनबाईनं कांदाभजी आणली तेव्हा माझ्या लक्षात आलं की तलवारबाज बराच वेळ मोबाइलमध्ये डोकं घालून बसला आहे. जाताना चपला घालता घालता तो नातवाला म्हणाला, "सगळं आजोबाच मारणार, तर मी येऊ कशाला?"

पुढच्या रविवारी तो आला नाही.

नातू रुसला. त्याच्या मते मित्राला हेवा वाटत होता. मला मात्र रात्री झोप लागेना. बँकेत लेजर पोस्टिंगची यंत्रं आली तेव्हा मी तरुण अधिकारी होतो. काही महिने 'पॅरलल रन' चालायचा. तोच व्यवहार लेजरमध्ये हातानं लिहायचा आणि यंत्रातही भरायचा. संध्याकाळी दोन्हीकडच्या बाक्या जुळल्या पाहिजेत. आमच्याकडे एक ज्येष्ठ लेजरकीपर होते. आकड्यांच्या उभ्या रकान्यावरून बोट फिरवत खाली येत आणि तळाशी पोचेपर्यंत बेरीज तयार असे. आम्ही सगळं तपासलं: बाक्या, व्याज, छापलेली अक्षरं नीट येतात की नाही तेसुद्धा. यंत्र पास झालं. ते आता दिवसभर काय करणार, हे तपासण्याच्या यादीत नव्हतं. निवृत्तीपर्यंत ते रोज वेळेवर येत आणि पेनात शाई भरून ठेवत. ती यादी मी केली होती.

दुसऱ्या रविवारी नातवानं उलट टोक गाठलं. बंदूक नेहमी फसेल, असा नियम केला. तोड्याच्या बंदुकीत तशी अडचण असतेच. नळीत दारू घाला, गोळी घाला, गजानं ठासा, कानाशी रंजक ठेवा, मग पेटता तोडा टेकवा. यातलं काही चुकलं की फुसका बार. आमच्या वहीत फाशावर एक ते सहापैकी काहीही पडलं की बार फुसका. मी दीड तास टेबलाशी बसून दोनदा बंदूक साफ केली. मग मी बँकेच्या सवयीनं हिशेब मांडला. फक्त एक पडल्यावर बार फसतो असं धरलं, तर फसण्याची शक्यता शंभरात पाच. पण चौदा बार उडवले, तर त्यांतला एक तरी फसण्याची शक्यता निम्म्याच्या थोडी वरच जाते. म्हणजे एवढंही पुरे होतं. शिवाय माझी बंदूक अडली म्हणून तलवारवाल्याला काही काम मिळालं होतं, असंही नाही. एकाऐवजी दोघं रिकामे, एवढाच फरक.

हा घोळ आमच्याच टेबलावर झाला असंही नाही. 'पाथफाइंडर' हा खेळ काढणाऱ्या 'पायझो' या अमेरिकन कंपनीनं २०११ साली 'गनस्लिंगर' नावाचा क्लास पुस्तकात छापण्याआधी त्याचा कच्चा मसुदा खेळाडूंपुढं ठेवला होता: खेळा आणि चुका कळवा. छापील नियमांत जवळून मारलेली गोळी चिलखताला जुमानत नव्हती. त्या बदल्यात बार भरण्यात वेळ जाई, फासा वाईट पडला की बंदूक बिघडे, आणि बिघडलेली तशीच चालवून पुन्हा फसली तर हातात फुटे. खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी २०२०च्या अखेरीस पुन्हा मसुदा, पुन्हा खेळून पाहणं. २०२१च्या पुस्तकात चिलखत परत मोजलं जाऊ लागलं. एरवी गोळीचा मार बेताचा, पण वर्मी बसली तर भयंकर. पगारी, जाणत्या माणसांनी दहा वर्षांत आपलाच नियम फिरवला, हे वाचून नातवाचा रुसवा निम्मा उतरला.

उरलेला पानिपतानं उतरवला. इब्राहिमखानाचे गारदी, भाऊसाहेबांची गोलाची लढाई आणि गनिमी काव्याच्या मुरब्बी सरदारांची त्यावरची नाराजी आपण लहानपणापासून वाचत आलो. १४ जानेवारी १७६१च्या सकाळी गारद्यांनी रोहिल्यांची दाणादाण उडवली होती. मग विंचूरकर आणि गायकवाडांचं घोडदळ पुढं सरसावलं, गोल मोडला आणि गारद्यांच्या बंदुकांपुढं आपलीच माणसं आली, असं सांगतात. पराभवाची कारणं ढीगभर आहेत, मी इतिहासकार नाही. पण बंदूकवाला आणि तलवारवाला एकाच फौजेत कसे लढणार, हा प्रश्न आपल्याकडे फार महागात गेलेला आहे. नातू गप्प ऐकत होता. मग वही घेऊन पावसात मित्राकडे गेला आणि म्हणाला, "तुला काय खटकलं ते लिहून दे."

मित्रानं दीड पान लिहून दिलं. मी आयुष्यात बरेच तपासणी-अहवाल वाचले. इतका मुद्देसूद क्वचित पाहिला.

तिसऱ्या रविवारचे नियम बरेचसे त्याचेच होते. बार भरायला दोन पाळ्या. तेवढा वेळ बरकंदाजाला पाय हलवता येणार नाही, तेव्हा कुणीतरी पुढं उभं राहून त्याला राखलं पाहिजे. बार उडाला की धूर, आणि त्या धुरातून तलवारवाल्यानं न दिसता पुढं घुसायचं. चिलखत मोजायचं. पावसात तोडा विझतो. हे शेवटचं त्याला बहुधा आमच्या खिडकीतून सुचलं. पारसिकच्या डोंगरावर ढग उतरले होते आणि समोरची इमारतसुद्धा दिसत नव्हती.

गोष्टीतही पाऊस लागला. तीन राक्षस चालून येत होते. तलवारबाजानं आपली ढाल माझ्या तोड्यावर छत्रीसारखी धरली, आणि त्यामुळे स्वतः उघडा पडला. त्याला दोन वार बसले. "आजोबा, भरा लवकर!" तो खरोखर ओरडला. मी फासा टाकला. अठरा. धूर झाला आणि तो ढाल टाकून त्यातून घुसला. सूनबाई हातातलं काम टाकून दाराशी येऊन उभी राहिली.

चौथ्या रविवारी कसोटी संपली असं नातवानं जाहीर केलं. तेव्हा वरच्या मजल्यावरची मुलगी, जी चार रविवार शांतपणे बाण मारत होती, म्हणाली, "आणि मी? बंदूक माझ्याहून लांब मारते, जोरात मारते. मला ना धूर, ना ढाल."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, १६६५ साली पुरंदरावर तोफा-बंदुका गाजत असताना मुरारबाजी पडले ते दिलेरखानाच्या बाणानं, असं सभासदाची बखर सांगते.

"मग याच्या वहीत बाण असा का नाही लागत?" तिनं विचारलं.

नातवानं वहीचं कोरं पान काढलं आणि पेन्सिलीला टोक करायला घेतलं.