लेण्यातली इंग्रजी

स्पेनहून किंवा मेक्सिकोहून आलेला माणूस पाटीवरचं ‘अजंता’ आपल्या सवयीनं वाचतो, तेव्हा त्याचं ‘आखांता’ होतं. रोमन लिपीतला ‘जे’ त्यांच्याकडे घशातून निघतो, ‘एच’ उच्चारलाच जात नाही, ‘व्ही’ आणि ‘बी’ यांचा आवाज एकच. म्हणून जातकाचं ‘खाताका’ आणि विहाराचं ‘बिआरा’. फर्दापूरच्या टी-पॉइंटवरून बसनं येऊन पायऱ्या चढेपर्यंत गाईडला हे सगळं कानानं जुळवून घ्यावं लागतं. दोघांमधली भाषा इंग्रजी, आणि ती दोघांपैकी एकाचीही मातृभाषा नाही.

ज्याच्या मागे मी लेणी फिरलो तो गाईड अजिंठा गावचाच. राज्यात 2000 पासून पहिलीला इंग्रजी आली. तो त्याआधीचा, म्हणजे पाचवीत एबीसीडी गिरवलेला. शाळेनं काळ पाठ करून घेतले. बोलायला मात्र तो भावाच्या दगडांच्या दुकानात शिकला. इथल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत सापडणारे स्फटिक तिथं विकायला असत. फिफ्टीन म्हटलेलं गिऱ्हाईक फिफ्टी ऐकतं, हे तिथंच कळलं. तेव्हापासून भाव सांगताना कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवायची सवय लागली.

“सर, या लोकांना अवघड इंग्रजी सोपी जाते,” तो मला म्हणाला. मला हे त्याचं खरं संशोधन वाटतं. स्पॅनिश लॅटिनमधून आलेली. इंग्रजीतले भारदस्त, पुस्तकी शब्दही बरेचसे लॅटिन आणि फ्रेंचमधून घेतलेले. आपल्या शाळेत लहान शब्द सोपा आणि लांबलचक शब्द हुशार मुलांचा, अशी वाटणी झालेली असते. स्पॅनिश माणसापुढे ती उलटते. ‘बिगिन’पेक्षा ‘कमेन्स’ त्याला चटकन कळतं. मॉनेस्टरी, कॉलम, पिगमेंट, मिनरल हे शब्द तर त्याच्या घरातलेच. पण सगळेच ओळखीचे शब्द भरवशाचे नसतात. ‘एक्झिट’सारखा ऐकू येणारा त्यांचा ‘एक्सितो’ म्हणजे यश. बाहेर जायचा रस्ता सांगताना गाईड हातानं दार दाखवतोच.

चित्रं कशी काढली हे सांगताना त्याची परीक्षा लागते. खडबडीत खडकावर माती, भाताचं तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, वर चुन्याचा पातळ हात, मग रंग. ‘हस्क’ म्हणताच गटातले चेहरे कोरे पडतात. तो म्हणतो, ‘राइस, एक्स्टिरिअर पार्ट.’ इंग्रज कदाचित हसेल, पण गटातल्या सगळ्यांच्या माना एकदम हलल्या. ‘फ्रेस्को’ हा शब्द मात्र तो मुद्दाम टाळतो. खरं फ्रेस्को ओल्या चुन्यावर रंगवतात आणि अजिंठ्याची चित्रं कोरड्या पृष्ठावर रंगवलेली आहेत. शिवाय स्पॅनिशमध्ये फ्रेस्को म्हणजे ताजं, गारही. मला हा काटेकोरपणा फार मोलाचा वाटला. श्रोत्याला समजावं म्हणून तो शब्द बदलतो, वस्तुस्थिती बदलत नाही.

दोन्ही बाजूंच्या चुका ऐकत राहिलं की इंग्रजीचे सांधे दिसू लागतात. कर्ता गाळायची मुभा मराठीला आहे तशी स्पॅनिशलाही, म्हणून दोघंही चित्रापुढे ‘इज ब्यूटिफुल’ म्हणून मोकळे होतात. प्रश्न विचारताना दोघांनाही ‘डू’ आठवत नाही. आवाज चढवला की काम भागतं. ‘मला आवडतं’ ही आपली रचना त्यांच्याकडेही जवळपास तशीच, तेव्हा ‘आय लाइक’पर्यंत पोचायला दोघांनाही वाक्य सारखंच फिरवावं लागतं. ‘द’पाशी मात्र वाटा फुटतात: आपण तो विसरतो आणि ते ‘द लाइफ’, ‘द नेचर’ असा जिथंतिथं लावतात. भिंतीवरचं आणि भिंतीतलं हा भेद आपल्याला प्रत्ययांनी शिकवलेला. त्यांच्या एकाच ‘एन’मध्ये दोन्ही येतं, म्हणून चित्र ‘इन द वॉल’ असतं.

पहिल्या लेण्यात पद्मपाणीकडे बोट दाखवून एका बाईंनी ‘हर हँड’मध्ये काय आहे, असं विचारलं. स्पॅनिशमध्ये त्याचा हात आणि तिचा हात यांना एकच सर्वनाम. गाईडनं चूक काढली नाही. ‘इन हिज हँड, लोटस. ऑन हिज हेड, क्राउन,’ एवढंच तो सावकाश म्हणाला. पुढच्या वाक्यात बाईंनी ‘हिज’ वापरलं. मी वर्गात बसून शिकलेल्या व्याकरणात असं हळुवार दुरुस्त करणं क्वचितच पाहिलं.

दहाव्या लेण्यात जॉन स्मिथनं कोरलेलं नाव आहे. 28 एप्रिल 1819 ला हा इंग्रज अधिकारी इथं पोचला. सन ‘एटीन नाइन्टीन’ असं सांगितलं, तर स्पॅनिश पाहुणे अठरा आणि एकोणीस नंबरची लेणी शोधायला मान वळवतात, कारण ते सन ‘एक हजार आठशे एकोणीस’ असा अख्खा वाचतात. गाईड आता तसंच सांगतो. त्याच्या तोंडी ते सहज बसतं. आपलं ‘अठराशे एकोणीस’ त्याच्या बरंच जवळचं आहे.

सव्विसाव्या लेण्यात सुमारे 7 मीटर लांबीची महापरिनिर्वाणाची मूर्ती आहे. तिच्यापुढे ‘ही डाइड’ म्हणायला त्याची जीभ रेटत नाही. मराठीत तथागतांचं महापरिनिर्वाण होतं, आणि तो आदर इंग्रजीच्या ‘ही’मध्ये मावत नाही. म्हणून तो पूर्वी ‘पास्ड अवे’ म्हणायचा. पण क्रियापदाला असं शेपूट जोडलं की स्पॅनिश माणूस हमखास अडखळतो: पास्ड, म्हणजे इथून गेले? कुठं? मग त्यानं वाक्य घडवलं, ‘ही एंटर्ड निर्वाणा.’ एंटर त्यांच्या ‘एन्त्रार’चा सख्खा, निर्वाणा दोन्हीकडे तेच. त्या दिवशी बाईंनी ते वाक्य एकदा आपल्या भाषेत म्हणून पाहिलं आणि मूर्तीच्या खाली कोरलेल्या शोकमग्न शिष्यांकडे वळून विचारलं, “दे अंडरस्टँड?” ‘डू’ नव्हताच. गाईडनं उत्तर दिलं, “सम, यस. सम, क्रायिंग,” आणि कोणते कोणते ते एकेक करून दाखवू लागला.