गाण्यांचे घर बदलताना

रायपूरहून बिलासपूरकडे जाताना सिलतरा हे गाव लागते. स्पंज आयर्न आणि पोलादाच्या कारखान्यांमुळे ते सर्वांना ठाऊक आहे. सकाळी पुसलेल्या खिडकीच्या कठड्यावर तेथे संध्याकाळपर्यंत काळ्या धुळीचा थर बसलेला असतो. रायपूर आणि नागपूर १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होते. त्यामुळे या भागात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. माझी धाकटी बहीण सिलतऱ्याला राहते. तिच्या घरी नाट्यगीते, अभंग, पंडवानी असा गाण्यांचा मोठा संग्रह संगणकावर साठवलेला आहे. त्याच संग्रहात आमच्या आईच्या ओव्याही आहेत. पण त्या अर्ध्याच आहेत.

त्या अर्ध्या का उरल्या, ते आधी सांगायला हवे. आईने जात्यावरच्या ओव्या साठ मिनिटांच्या एका कॅसेटवर गायल्या होत्या. पुढे आम्ही ती कॅसेट एका दुकानात देऊन तिची सीडी करून घेतली. सीडी लावली, आईचा आवाज ऐकू आला, आम्हाला आनंद झाला. आता कॅसेटचे काय काम, असे म्हणून ती टाकून दिली. दुकानदाराने कॅसेटची एकच बाजू उतरवली होती, हे दोन वर्षांनी लक्षात आले. तोवर आई हयात नव्हती.

गेल्या वर्षी भाच्याने घरात नेटवर्क स्टोरेजचे यंत्र आणले. ही एक छोटी पेटी असते. तिच्यात दोन किंवा अधिक हार्ड डिस्क बसवलेल्या असतात आणि ती घरातील इंटरनेटच्या राउटरला तारेने जोडतात. मग एकच संग्रह घरातील संगणकावरून, मोबाइलवरून किंवा टीव्हीवरून ऐकता येतो. पेटीत पंखा असल्यामुळे धूळ आत ओढली जाते, म्हणून सिलतऱ्यासारख्या ठिकाणी ती उंचावर ठेवावी लागते आणि तिची जाळी वरचेवर पुसावी लागते.

गाण्याचे आकारमान कसे ठरते? सीडीवरील ध्वनी दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला असतो. डाव्या आणि उजव्या बाजूचे मोजमाप वेगळे असते व प्रत्येक मोजमापाला दोन बाइट लागतात. म्हणजे एका मिनिटाला सुमारे दहा एमबी जागा हवी. एमपी३ प्रकारात कानाला सहसा न जाणवणारा भाग वगळून ही जागा पुष्कळच कमी केलेली असते. परंतु वगळलेला भाग पुन्हा मिळत नाही. म्हणून ज्याची दुसरी प्रत जगात कोठेही नाही, असा आवाज पूर्ण स्वरूपातच ठेवावा. बाजारात मिळणाऱ्या गाण्यांसाठी एवढा आग्रह धरण्याचे कारण नाही.

बहिणीचा संग्रह ३०० जीबीचा होता. राउटरच्या तारेतून सेकंदाला सुमारे १०० एमबी गेले, तर हे काम पाऊण-एक तासात संपते. वायफायवरून सेकंदाला दहाच एमबी गेले, तर आठ तासांहून अधिक वेळ लागतो. मध्येच वीज गेली, तर चालू असलेली फाइल अर्धवट उतरते. तिचे नाव यादीत दिसते, पण गाणे मध्येच तुटते. म्हणून भाच्याने संग्रह ‘कट’ केला नाही, ‘कॉपी’ केला. मूळ प्रत जुन्या डिस्कवर जशीच्या तशी राहिली.

प्रत पूर्ण उतरली की नाही, हे कसे ओळखावे? प्रथम दोन्हीकडील फाइलींची संख्या आणि एकूण आकार ताडून पाहावा. मात्र तेवढ्याने भागत नाही. संगणक प्रत्येक फाइलमधील सर्व आकड्यांवर गणित करून एक लांबलचक संख्या काढू शकतो. फाइलमध्ये एका बिटाचा जरी फरक पडला, तरी ही संख्या बदलते. जुन्या आणि नव्या फाइलीची संख्या एकच आली, तर प्रत खरी. हे काम करणारे प्रोग्राम विनामूल्य मिळतात. संगणकाने हे तपासून दिल्यावरही बहिणीने आईच्या ओव्या शेवटपर्यंत ऐकल्या. त्या अर्ध्या तासात कोणी तिच्याशी बोलले नाही.

एक अडचण मात्र आलीच. गाणी सगळी आली, पण आवडीच्या गाण्यांच्या याद्या रिकाम्या दिसू लागल्या. अशा यादीत गाणे नसते, गाण्याचा पत्ता असतो. घर बदलले आणि पत्ता जुनाच राहिला, तर पत्र पोहोचत नाही; तसेच हे झाले. याद्यांमधील पत्ते बदलल्यावर त्या पुन्हा चालू झाल्या.

त्याहून मोठी उणीव नावांची होती. आईच्या ओव्यांच्या फाइलीचे नाव केवळ ‘ट्रॅक ०१’ असे होते. आमच्यानंतर हा आवाज कोणाचा, हे कोण सांगणार?

या बाबतीत पुण्यात झालेले एक काम पाहण्यासारखे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल हे फ्रेंच संशोधक त्यांना येऊन मिळाले आणि १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण झाले. ओवीबरोबर गाणारीचे नाव, तिचे गाव आणि ओवीचा विषय यांचीही नोंद ठेवलेली होती. हा ठेवा गुरुग्राममधील संगीत-संग्रहालयात आणि पुढे फ्रान्समधील एका भांडारातही जपला गेला. राईरकर आणि पॉइट्वाँ आज हयात नाहीत, तरी संग्रह टिकला. २०१७ मध्ये ‘पारी’ या संस्थेने तो लोकांसमोर आणण्यास आरंभ केला. नाव आणि गाव नोंदलेले होते, म्हणूनच तिचे कार्यकर्ते मुळशी तालुक्यातील कोळवड्यासारख्या गावी जाऊन गाणाऱ्या बायांना पुन्हा भेटू शकले. नुसता आवाज हाती असता, तर कोणते दार ठोठावायचे हे त्यांना कळले नसते.

पेटीतील दोन डिस्कविषयी एक गैरसमज सर्रास आढळतो. दोन्हींवर तेच लिहिले जात असल्यामुळे एक बिघडली तरी दुसरी कामाला येते, हे खरे. पण चुकून एखादे गाणे पुसले, तर ते दोन्हींवरून त्याच क्षणी पुसले जाते. चोरी, आग किंवा विजेचा मोठा धक्का यांत तर पूर्ण पेटीच जाते. तेव्हा आणखी एक प्रत वेगळ्या डिस्कवर, शक्यतो वेगळ्या गावी असावी.

बहिणीच्या संग्रहाची अशी प्रत नागपूरला माझ्या कपाटात आहे. ‘ट्रॅक ०१’ चे नाव आता बदलले आहे. त्यात आईचे नाव, तिचे माहेर, ध्वनिमुद्रणाचे वर्ष आणि ‘पहिली बाजू’ हे दोन शब्द आहेत.