फीवालं क्रेडिट कार्ड घ्यावं की फ्री? आधी स्वतःची वही उघडा



मागच्या बॅचमध्ये ब्लाउज पीस आणि शिलाईचा व्यवसाय सुरू करणाऱ्या एका ताईंनी विचारलं, "सर, एक बँकवाला म्हणतो कार्ड आजन्म फ्री. दुसरा म्हणतो वर्षाला हजार रुपये फी, पण पाच टक्के परत. कोणतं घेऊ?"

प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर कार्डावर छापलेलं नसतं. ते तुमच्या खर्चाच्या वहीत असतं. व्हिडिओमध्ये मी हिशोब भराभर सांगितला होता. इथे सावकाश बघू.

आधी खरी फी काढा

वार्षिक फीवर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे ९९९ रुपयांची फी तुमच्या खिशातून जाते ती साधारण १,१७९ रुपयांची. ४९९ ची फी पडते ५८९ ला. तुलना करताना हाच आकडा धरायचा.

आता ताईंचा हिशोब

२०२२ मध्ये आलेलं एसबीआयचं कॅशबॅक कार्ड घ्या. त्याची मूळ रचना अशी: फी ९९९, ऑनलाइन खरेदीवर ५ टक्के, दुकानातल्या खरेदीवर १ टक्का, आणि वर्षाला २ लाख खर्च केला तर फी माफ. समोर ठेवा एक आजन्म फ्री कार्ड, सगळीकडे १ टक्का देणारं.

ताईंचा घरखर्च कार्डाने महिन्याला ६,००० रुपये. त्यातले ऑनलाइन फक्त १,५००. बाकी किराणा, औषधं, कपडे.

वर्षाचा हिशोब:
- फ्री कार्ड: ७२,००० वर १ टक्का = ७२० रुपये. फी शून्य. हातात ७२०.
- फीवालं कार्ड: ऑनलाइन १८,००० वर ९००, बाकी ५४,००० वर ५४०. एकूण १,४४०. त्यातून १,१७९ वजा. हातात २६१.

म्हणजे ताईंसाठी फ्री कार्ड भारी.

पण ऑनलाइन खरेदी महिन्याला ४,००० असती तर? फीवाल्या कार्डावर २,४०० अधिक २४०, म्हणजे २,६४०. फी काढून १,४६१ हातात. फ्री कार्डाचे तेच ७२०. इथे फीवालं जिंकलं.

काठ कुठे आहे? दोन कार्डांत फरक ४ टक्क्यांचा. १,१७९ रुपये त्या ४ टक्क्यांतून भरून निघायला वर्षाला साधारण २९,५०० ची ऑनलाइन खरेदी लागते, म्हणजे महिन्याला अडीच हजाराच्या आसपास. त्याच्या खाली फ्री, त्याच्या वर फीवालं. सूत्र लक्षात ठेवा: जीएसटीसह फी भागिले टक्क्यांतला फरक.

पॉइंट म्हणजे रुपया नव्हे

"दहापट पॉइंट" ऐकून हुरळून जाऊ नका. बऱ्याच कार्डांवर १०० रुपयांना १ पॉइंट मिळतो आणि त्या पॉइंटची किंमत २५ पैसे असते. म्हणजे पाव टक्का. दहापट झाले तरी अडीच टक्के, तेही ठरावीक साइटवरच. शिवाय पॉइंट वापरताना काही बँका वेगळी फी घेतात, आणि पॉइंटला मुदतही असते. पेट्रोल, घरभाडं, वॉलेट, विमा अशा खर्चांवर अनेक कार्डांत काहीच मिळत नाही. अटी मध्येच बदलतात, म्हणून अर्ज करायच्या दिवशी बँकेच्या साइटवर परत वाचा.

आणि फी माफीचा मोह! वर्षाची मर्यादा १ लाख, तुमचा खर्च झाला ८८,०००. आता ५८९ रुपये वाचवायला १२,००० ची नको ती वस्तू आणायची? असा धंदा दुकानात कराल का?

आपल्या पाथरीत कार्ड चालतं कुठे?

आपल्याकडे स्वाइप मशीन मोजक्या दुकानांत, पण क्यूआर कोड चहाच्या टपरीवरही आहे. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. म्हणून आपल्यासारख्या गावात रुपेचं फ्री कार्ड जास्त कामाला येतं. एकच गोष्ट: दुकानदाराचा क्यूआर व्यापारी खात्याचा लागतो. साध्या माणसाच्या वैयक्तिक नंबरवर क्रेडिट कार्डातून पैसे जात नाहीत.

माझी चूक, तुम्ही करू नका

एका दिवाळीआधी मी दुकानाचा माल कार्डावर भरला. पहिली चूक तीच. अनेक कार्डांच्या अटींत लिहिलेलं असतं की कार्ड वैयक्तिक वापरासाठी आहे. धंद्याची खरेदी दिसली तर बँक रिवॉर्ड अडवू शकते, कार्ड बंदही करू शकते.

दुसरी चूक मोठी. गिऱ्हाईक म्हणालं, "कापूस निघाला की देतो." कापूस निघायचा तेव्हा निघाला, बिल मात्र तारखेला आलं: २४,००० रुपये. मी "किमान रक्कम" १,२०० भरली आणि निवांत बसलो. पुढच्या बिलात व्याज आणि जीएसटी मिळून सोळाशेच्या आसपास लागले. वर्षभर जमवलेला कॅशबॅक होता बाराशे.

असं का होतं? पूर्ण बिल भरलं नाही की बिनव्याजी मुदत संपते आणि व्याज खरेदीच्या तारखेपासून लागतं, महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात. वर्षाचे चाळीस टक्क्यांच्या वर! यात फ्री कार्ड आणि फीवालं कार्ड दोघं सारखेच. "फ्री" फक्त फी असते, व्याज नाही.

आपली उधारी हंगामावर चालते, कार्डाचं बिल तारखेवर. दोन्हीची गाठ घालू नका. मालासाठी बँकेची कॅश क्रेडिट लिमिट बघा किंवा मुद्रा योजनेचं शिशु कर्ज, ५०,००० रुपयांपर्यंतचं. व्याज कार्डापेक्षा कितीतरी कमी.

मग करायचं काय?

१. मागच्या तीन महिन्यांचा खर्च वहीत लिहा: ऑनलाइन किती, दुकानात किती, पेट्रोल किती.
२. वरचं सूत्र लावा.
३. पहिलं कार्ड असेल तर फ्रीच घ्या. सहा महिने पूर्ण बिल वेळेवर भरून दाखवा, मग फीवाल्याचा विचार.
४. पूर्ण बिल खात्यातून आपोआप जाईल अशी सोय लावा. "किमान" नव्हे, "पूर्ण".
५. फीवालं कार्ड परवडेना झालं तर बंद करा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार, थकबाकी नसेल तर अर्ज केल्यावर बँकेने ७ कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं असतं. उशीर झाला तर रोजचे ५०० रुपये दंड बँकेला, तुम्हाला नाही.

ताईंनी वही काढली, हिशोब मांडला आणि फ्री कार्ड घेतलं. तुमची वही काय म्हणते, ते आज रात्री दुकान बंद केल्यावर बघा. भेटू पुढच्या व्हिडिओत!