खिडकीपाशी उभी राहा

मॉडेल होऊ पाहणाऱ्या मुली पोर्टफोलिओसाठी येतात तेव्हा बरोबर मोठी बॅग असते. घागरा, गाऊन, हिल्स, मेकअपचा डबा. मी आधी तोंड धुऊन यायला सांगते. केस मागे बांध, साधा टी-शर्ट आणि जीन्स घाल, खिडकीपाशी उभी राहा. सोलापूरहून आलेल्या एका मुलीची आई यावर हिरमुसली. "मॅडम, एवढ्या लांबून आलोय, जरा नटवा तरी तिला." म्हटलं, "काकू, नटवूनही काढू. पण आधी हे."

एजन्सी नव्या चेहऱ्याकडून पहिल्यांदा जे फोटो मागतात त्यांना या धंद्यात 'पोलरॉइड्स' किंवा 'डिजिटल्स' म्हणतात. समोरून, बाजूने, पूर्ण उंचीचा. मेकअप नावापुरता, भिंत कोरी, प्रकाश शक्यतो दिवसाचा. मुलगी दारातून आत आली की कशी दिसेल, एवढंच त्यांना बघायचं असतं. म्हणून या कामाला खिडकीचा उजेड पुरतो, आणि माझ्या मते तोच सर्वांत चांगला.

खोलीतले दिवे आधी बंद करायचे, नाहीतर बल्बचा पिवळेपणा चेहऱ्याच्या एका बाजूला चढतो. मुलगी खिडकीपासून तीन-चार फुटांवर, किंचित वळून उभी. अंधाऱ्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट धरली की सावली हलकी होते. गालाचं हाड ठसठशीत दिसायला हवं असेल तर शीट काढून टाकायची. खिडकी जितकी मोठी आणि जवळ, तितकी सावलीची कड मऊ. डोळ्यांत खिडकीचा चौकोन चमकला की चेहरा जिवंत होतो.

युरोपातली पुस्तकं उत्तरेची खिडकी निवडायला सांगतात, कारण तिथे भरदुपारी सूर्य कायम दक्षिणेलाच असतो. आपलं तसं नाही. मुंबई १९ अक्षांशावर, पुणे साडेअठरावर. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत आपल्याकडे दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला सरकलेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळचं ऊन उत्तरेच्या खिडकीतून थेट आत येऊ शकतं. तेव्हा पांढरा मलमलचा पडदा लावावा. पावसाळ्यात तर ढगच हे काम करतात. श्रावणातली सकाळ मला पोर्ट्रेटसाठी सर्वांत आवडते. मे महिन्यात मात्र दुपारी गच्चीवर कुणाला उभं करू नये. डोळ्यांच्या जागी नुसत्या काळ्या खाचा येतात.

या उजेडाला कमी लेखणाऱ्यांनी फोटोग्राफर अर्विंग पेनचं काम बघावं. १९५० साली पॅरिसमध्ये, वरच्या मजल्यावरच्या एका स्टुडिओत, थिएटरच्या जुन्या पडद्यापुढे त्याने 'व्होग'साठी फॅशनचे फोटो काढले ते दिवसाच्या उजेडात. त्याच उजेडात त्याने पॅरिसचे खाटीकही उभे केले. मॉडेल आणि खाटीक, दोघांना त्याने सारखाच मान दिला.

आता रंगाबद्दल. पांढऱ्या भिंतीपुढे सावळा चेहरा असला की कॅमेरा भिंतीला भुलतो आणि चेहरा काळवंडतो. मग घाबरून लोक कॉम्प्युटरवर त्वचा गोरी करतात. खरं तर मीटरिंग, म्हणजे उजेडाचं मोजमाप, भिंतीवर न करता गालावर करायचं, एवढाच उपाय आहे. सोलापूरच्या त्या मुलीचा वर्ण सुंदर, तांबूस सावळा. "थोडी उजळ करता येईल का?" आईने विचारलं. मी नाही म्हटलं. फोटोत गोरी आणि समोर सावळी दिसली, तर फोटो खोटा ठरतो आणि ऑडिशनला गेलेल्या मुलीलाच खाली बघावं लागतं. आईने स्क्रीनवर फोटो बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, "ही तर माझ्या आईसारखी दिसतेय."

मुलींनो, आणि त्यांच्या आईबाबांनो, पहिल्या पोर्टफोलिओसाठी कर्ज काढू नका, दागिने मोडू नका. चांगली एजन्सी मिळवून दिलेल्या कामातून कमिशन घेते. नाव नोंदवायच्या आधीच महागडं फोटोशूट गळ्यात मारणाऱ्याकडून उठून या. घरात मोठी खिडकी, कोरी भिंत आणि बरा कॅमेरा असलेली मैत्रीण असेल, तर पहिले फोटो या रविवारी सकाळी घरीच काढा.