पोराचं चिलखत करा, पण औषधाच्या डब्याचं नको!



शाळेचं गॅदरिंग आलं की पोरं ‘आयर्न मॅन’ व्हायला निघतात. १९६३ साली अमेरिकेतल्या कॉमिकमध्ये आलेला हा चिलखतवाला २००८ च्या सिनेमाने घरोघरी पोचला. त्याचं चिलखत घरीही होतं. पण सामान कुठलं घेता, ते बघा.

गेल्या हिवाळ्यात एका ओसरीवर पोरगा कीटकनाशकाचा रिकामा डबा कापून डोक्यात घालताना मी पाहिला. डबा धुतला तरी विष गेल्याची खात्री नाही. ते कातडीतूनही अंगात जातं. लेबलावरचा त्रिकोण लाल असो की हिरवा, औषध ते विषच. १९७१ च्या नियमांप्रमाणे असे डबे फोडून वस्तीपासून दूर पुरायचे असतात.

त्यापेक्षा किराणा दुकानातलं कोरं खोकं आणा. छाती, खांदा, दंड, पोटरी यांची मापं आधी जुन्या वर्तमानपत्रावर कापा, मग पुठ्ठ्यावर उतरवा. कोपर-गुडघे मोकळे ठेवा. तुकडे इलॅस्टिकने जोडा, म्हणजे पोराला बसता-उठता येईल. चिकटवायला मैद्याची खळ पुरते. फोमची चटई वापरली तर रबराचं सोल्युशन लागतं. त्याची वाफ पटकन पेटते, डोक्यातही चढते. ते काम मोठ्यांनीच उघड्यावर, चुलीपासून लांब करावं. टोपाला डोळ्या-नाकापुढे रुंद फट हवीच.

सरपंच आणि गुरुजींनी गॅदरिंगच्या सूचनेत एक ओळ घालावी : औषधाचे डबे-खोकी वापरू नयेत.

आणि बंधूंनो, फवारणीला जाताना हातमोजे, मास्क, अंगभर कपडे घाला. तुमचं चिलखत तेच!