चौथा गण : कोर्लईच्या बोलीचीं क्रियापदें

भाषा कोणी मुद्दाम रचूं शकतो काय, असें विचारलें तर आपल्याकडील बहुतेक मंडळी प्रश्न हंसण्यावारी नेतील. परंतु युरोप-अमेरिकेंत अनेक शहाण्या माणसांनीं हा उद्योग केलेला आहे. डोळ्यांचे वैद्य डॉ. झामेनहॉफ ह्यांनीं १८८७ सालीं वॉर्सा शहरीं एस्पेरांतो भाषेचें पहिलें पुस्तक छापलें. पुढें १९०२ सालीं इलायस मोली ह्या नॉर्वेजियन वंशाच्या अमेरिकन गृहस्थानें इंग्रजी, जर्मन आणि त्यांच्या भगिनीभाषा ह्यांचें मिश्रण करून टुटोनिश नांवाची नवी जर्मानिक भाषा लोकांपुढें मांडली. अशा रचनाकारांचा पहिला रोष क्रियापदावर असतो, आणि तो अगदींच निष्कारण असतो असें आम्हांस म्हणवत नाहीं.

आम्ही पुष्कळ वर्षें शाळेंत इंग्रजी व संस्कृत शिकविलें. ‘सिंग’ ह्या इंग्रजी धातूचा भूतकाळ ‘सँग’ व धातुसाधित ‘संग’ कां, असें प्रत्येक वर्षीं एक तरी मुलगा विचारी. संस्कृत जाणणारानें मात्र ही तक्रार करूं नये. वर्तते, ववर्त, वृत्त ह्या रूपांत जो स्वरविकार आहे, त्याचाच भाऊ हा. जुन्या इंग्रजींत ह्याच वृत् धातूचा सगोत्र धातु होता व त्याचीं रूपें अशीच स्वर पालटीत चालत. मौजेची गोष्ट ही कीं, हा गण इंग्रजींत जवळजवळ सोंवळ्यांतला झाला आहे. परभाषेंतून किंवा नामावरून आलेला नवा धातु क्वचितच त्यांत शिरतो. त्याला ‘-एड्’ प्रत्यय लावून ओसरीवरच बसवितात. रचलेल्या भाषांत हें सोंवळेंओंवळें नाहीं. एस्पेरांतोंत ‘कांतास’ म्हणजे गातो, ‘कांतिस’ म्हणजे गायला, ‘कांतोस’ म्हणजे गाईल. पुरुष कोणताहि असो, वचन कोणतेंहि असो, रूप तेंच. अपवाद एकहि नाहीं. पेणच्या कारखान्यांत सांच्यांतून गणपति निघावे तशीं सारीं क्रियापदें एकाच घाटाचीं.

पेणचें नांव आम्ही उगीच घेतलें नाहीं. ह्याच तालुक्यांतील गागोदें गांवीं ११ सप्टेंबर १८९५ रोजीं विनोबा भावे जन्मले. भाषा शिकण्याचा त्यांचा व्यासंग सर्वांस ठाऊक आहे. परंतु भूदान-यात्रेच्या काळांत, साठीच्या पलीकडे गेल्यावर, ते एस्पेरांतोहि शिकले, व ती त्यांना तिबोर सेकेल ह्या युगोस्लाव्हियाच्या प्रवाशानें शिकविली, हें पेणकरांपैकीं फार थोड्यांस माहीत असेल.

आतां पेणहून रोह्याकडे वळूं. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका पश्चिमेस जाऊन रेवदंड्याच्या खाडींत समुद्रास मिळते. तिच्या मुखाच्या दक्षिण अंगास, किल्ल्याच्या डोंगराखालीं, कोर्लई नांवाचें गांव आहे. तेथील ख्रिस्ती वस्तींत, सुमारें हजार माणसें, एक अशी भाषा बोलतात कीं जी कोणीहि रचलेली नाहीं, आणि तरी जिचें क्रियापद एस्पेरांतोच्या क्रियापदाइतकेंच सुटसुटीत आहे. ते तिला ‘नोउ लींग’ म्हणजे ‘आमची भाषा’ म्हणतात. (ह्या ‘लींग’ शब्दाचा संस्कृत लिंगाशीं कांहीं संबंध नाहीं, तो पोर्तुगीज ‘लिंग्वा’ म्हणजे जीभ, त्याचा अवशेष आहे.)

चौलास पोर्तुगीजांनीं सोळाव्या शतकाच्या आरंभीं ठाणें दिलें. कोर्लईचा किल्ला १५९४ सालीं त्यांच्या हातीं आला. शिपाई, त्यांच्या देशी बायका, बाटलेले चाकर व त्यांचीं मुलें ह्यांच्या तोंडीं पोर्तुगीज भाषा गेली. ती व्याकरणाच्या पुस्तकांतून गेली नाहीं, स्वयंपाकघरांतून व अंगणांतून गेली. १७४० सालीं चौल मराठ्यांकडे आलें, पोर्तुगीज निघून गेले. मागें राहिलेल्या ह्या लहानशा वस्तीस धर्मामुळें शेजारचे हिंदु व मुसलमान आपल्यांत घेईनात, आणि गोंव्याचे पोर्तुगीज दूर पडले. अशा कोंडींत भाषा टिकून राहिली. ह्याच जिल्ह्यांतले बेने इस्रायल घ्या. त्यांच्यांत ‘पेणकर’, ‘रोहेकर’ अशीं आडनांवें आहेत. त्यांनीं उपासनेपुरती हिब्रू ठेवली आणि घरीं मराठी स्वीकारली. कोर्लईकरांनीं घरची बोलीच वेगळी ठेवली.

आतां त्या बोलीचें क्रियापद पाहूं. पोर्तुगीजमध्यें क्रियापदांचे तीन गण आहेत: आर्, एर् व इर् अंतीं असणारे. पुरुष, वचन, काळ व अर्थ ह्यांप्रमाणें एकेका धातूचीं पन्नासांवर रूपें होतात. कोर्लईकरांनीं त्यांतलीं चारच ठेवलीं. ‘कांतार्’ म्हणजे गाणें, त्याचें मूळरूप राहिलें ‘कता’; गाण्याची क्रिया चालू असली तर ‘कतान्’; भूतकाळ ‘कतो’; आणि क्रिया पुरी झाली असली तर ‘कताद्’. मी, तूं, तो, आम्ही, कोणीहि कर्ता असो, रूप बदलत नाहीं. वर्तमान, भूत किंवा भविष्य दाखविण्यास क्रियापदाच्या आधीं ‘त’, ‘ती’, ‘ल’ अशीं लहान पदें येतात. दुसऱ्या गणांत ‘बेबे’ म्हणजे पिणें, तिसऱ्यांत ‘इर्गी’ म्हणजे उठणें. वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल कीं एस्पेरांतोचा ‘कांत’ व कोर्लईचा ‘कता’ हे एकाच लॅटिन धातूचे वंशज. एकास वैद्यबुवांनीं टेबलापाशीं बसून घडविलें, दुसऱ्यास दोन-अडीचशें वर्षांच्या आजीबाईंनीं.

पण खरी नवलाची गोष्ट पुढेंच आहे. कोर्लईच्या भाषेंत एक चौथा गणहि आहे, आणि तो पोर्तुगीजमध्यें नाहीं. त्याचे धातु ‘ऊ’ ह्या स्वरानें संपतात आणि ते मराठींतून घेतलेले आहेत. आपला ‘लोटणें’ तेथें ‘लोटू’ होतो आणि मग ‘लोटून्’, ‘लोटूद्’ असा बाकीच्या धातूंबरोबर निमूटपणें चालूं लागतो. अमेरिकेंतील इंडियाना विद्यापीठाचे जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स ह्यांनीं १९९६ सालीं ह्या बोलीवर आख्खा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत ह्या गणाचें विवेचन आहे. इंग्रजांनीं पाहुण्यास ओसरीवर बसविलें; कोर्लईकरांनीं पाहुण्यासाठीं घराला नवी खोली काढली. पाणिनीच्या दहा गणांच्या शेजारीं आम्हांला ही खोली पाहून फार समाधान वाटलें. वाक्यरचनेंतहि मराठीची छाया स्पष्ट आहे. पोर्तुगीजमध्यें क्रियापद कर्माच्या आधीं येतें. येथें तें वाक्याच्या शेवटीं जाऊन बसलें आहे.

ह्यावर घरच्या मुलांनीं विचारावें कीं मराठी तरी काय करते? जुन्या मराठीनें फारसी-अरबी शब्दांपासून बदलणें, फर्मावणें, खर्चणें असे अस्सल धातु केले व त्यांना आपले प्रत्यय लावले. पोर्तुगीजमधून मात्र आम्हीं घेतलीं तीं बहुतेक नामेंच: पाव, बटाटा, चावी, पगार, घमेलें, बिजागरी. आशियाई भाषांतील अशा पोर्तुगीज शब्दांचा मोठा संग्रह गोंव्याचे पंडित सेबास्तियांव रुदोल्फ दालगादो ह्यांनीं १९१३ सालीं छापला आहे. इंग्रजीच्या बाबतींत आमचा पराक्रम आणखीच तोकडा. ‘ट्राय करणें’, ‘चेक करणें’, ‘फॉरवर्ड करणें’: सगळ्या ओझ्याखालीं बिचारा एक ‘कृ’ धातु राबतो आहे. खर्चणें म्हणणाऱ्यांच्या नातवंडांना चेकणें म्हणण्याची लाज कां वाटावी, हें आम्हांस उमगत नाहीं. अर्थात् तसें कोणी आमच्यासमोर म्हटलें तर प्रथम आम्हीच कपाळाला आंठ्या घालूं, हेंहि खरें.

कोर्लईची ही भाषा पुढें किती दिवस ऐकूं येईल, हा प्रश्न आहे. १९६२ ते १९६५ पर्यंत रोममध्यें भरलेल्या धर्मपरिषदेनंतर प्रार्थना देशी भाषांत आल्या आणि कोर्लईच्या वेदीवर मराठी आली. मुलांची शाळा मराठी. खाडीवर रेवदंडा-साळाव पूल झाला, साळावास पोलादाचा कारखाना आला, नोकरीसाठीं माणसें अलिबाग-मुंबईकडे जाऊं लागलीं. कोणी जुलूम केला असें नाहीं. आपल्या पोरांचें शाळेंत अडूं नये म्हणून आई त्यांच्याशीं मराठी बोलते, आणि त्या आईला दोष देण्यास आमची जीभ धजत नाहीं. जी भाषा चारशें वर्षें केवळ घरांतल्या बायकांच्या बोलण्यावर जगली, तिचें मरण वा जगणें त्याच अंगणांत ठरणार. एकत्र कुटुंबांत आजी असेपर्यंत नातू दोन्ही भाषा बोलतो; वेगळें बिऱ्हाड झालें कीं एकच उरते.

रोह्याहून कोर्लईस जाणाऱ्यानें आणखी एक गोष्ट कानांत धरून ठेवावी. गाडी चिखलांत रुतली तर तेथील म्हातारा मुलांकडे बोट दाखवून ‘त लोटून्’ म्हणेल. आपल्या मराठी कानाला वाटेल, लोटणें झालें, आतां पुढचें काय तें सांगेल. त्याच्या भाषेंत वाक्य तेथेंच पुरें झालें आहे आणि मुलें अजून लोटीतच आहेत.