घटकाभराची सवड आणि गोधडी

तळेगाव दाभाडे मागे टाकून चाकणच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर इंद्रायणीच्या काठी इंदुरी हे गाव लागते. शाहू महाराजांचे सेनापती खंडेराव दाभाडे यांची गढी, तिच्या आतील कडजाईचे देऊळ आणि तुकोबांनी जेथे एकांत साधला तो समीपचा भंडारा डोंगर यांमुळे ह्या परिसराची नोंद इतिहासाच्या दप्तरात कायमची झालेली आहे. परंतु मावळातील घराघरांत, कोणत्याही दप्तरी नोंदीविना, जे एक कसब पिढ्यान्‌पिढ्या नांदले त्या गोधडीविषयी येथे लिहावयाचे आहे, आणि त्यातही विशेषेकरून ह्या प्रश्नाविषयी, की एका बाजूस तळेगावचे आणि दुसऱ्या बाजूस चाकणचे कारखाने ज्यांच्या दिवसाचे तास आपल्या पाळ्यांप्रमाणे वाटून घेतात, त्या आजच्या माणसांनी सुईदोऱ्यासाठी सवड काढावी तरी कोठून.

हस्तकला म्हणजे फुरसतीचा उद्योग, अशी एक समजूत सुशिक्षित मध्यमवर्गात रूढ आहे. गोधडीपुरती तरी ती सर्वस्वी निराधार आहे. मावळ हा भाताचा मुलूख; पाऊस लागण्याच्या सुमारास रोपे टाकायची, आषाढात गुडघाभर चिखलात ओणवे होऊन लावणी करायची, दिवाळीच्या आगेमागे कापणी आणि त्यानंतर झोडणी, आणि ह्या सर्वांच्या जोडीला नदीवरून पाणी, जाते, चूल, गुरे व लेकरे हा बारमाही कारभार जिच्या एकटीच्या शिरावर, त्या बाईला फुरसत हा शब्द ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. तरीही घरातल्या प्रत्येक अंथरुणावर गोधडी होती, आणि तीही तिच्याच हातची. हे तिला साधले, कारण गोधडीची रचनाच मुळी तुटक वेळेसाठी झालेली आहे. धावदोऱ्याला घरे मोजावी लागत नाहीत, चौकट ताणावी लागत नाही, नमुना समोर मांडावा लागत नाही. विणकामात सुईवरचा टाका निसटला की केलेले उसवते. गोधडीत मात्र दूध उतू जाण्याची वेळ आली की सुई तेथल्या तेथे कापडात खोचावी, गुंडाळी कोपऱ्यात सारावी आणि दुसऱ्या दिवशी, किंवा दुसऱ्या आठवड्यात, त्याच टाक्यापासून पुढे चालू लागावे.

मात्र ह्या कामाचे दोन भाग आहेत, आणि ते दोन निरनिराळ्या प्रकारचा वेळ मागतात. जुनी लुगडी धुऊन उन्हात कडक वाळविणे, विरलेला भाग फाडून टाकणे, थर एकमेकांवर सुरकुती न राहता पसरणे आणि चोहोबाजूंनी मोठे टाचे घालून ते जागच्या जागी बांधणे हा पहिला भाग सलग अर्धा दिवस, मोकळी जमीन आणि दोनतीन माणसांचे हात मागतो. पूर्वी तो ओसरीवर किंवा सारवलेल्या अंगणात, शेजारणींच्या साहाय्याने उरके. टाके घालण्याचा दुसरा भाग मात्र कोणाचीच अपेक्षा करीत नाही. आज हौसेने आरंभलेल्या कितीतरी गोधड्या कपाटात अर्धवट पडून राहतात, त्याचे कारण माझ्या मते आळस नव्हे. रोजच्या अर्ध्या तासात थर जुळविण्याचे कामही आटोपू पाहणे, हे आहे. पहिल्या भागासाठी एखादा रविवार राखावा, घरातील सर्वांना, पुरुषांनाही, जमिनीवर बसवावे, आणि तो एकदा पार पडला की उरलेले काम निर्धास्तपणे किरकोळ वेळाच्या स्वाधीन करावे.

हिशेब मांडून पाहिला म्हणजे भीती कमी होते. नऊवारी लुगडे सुमारे 8 मीटर लांब. त्याचे चार सारखे तुकडे केले आणि दोन-दोन शेजारी जोडले, की अंथरुणाच्या मापाचे दोन थर मिळतात. म्हणजे दोन लुगड्यांत चार थरांची, मावळातल्या थंडीला पुरेल अशी गोधडी होते. रुंदी दीड मीटर आणि ओळींमधील अंतर बोटभर, म्हणजे 2 सेंटिमीटर, धरले तर पाऊणशे ओळी होतात. दोन मीटरांच्या एका ओळीस सरावलेल्या हाताला वीसेक मिनिटे, जवळजवळ एक घटका, लागते असे धरले, तर एकूण 25 तास झाले. रोज अर्धा तास दिला तर पन्नास दिवस. कापणी-झोडणी उरकून मार्गशीर्षाच्या आरंभी हाती घेतलेली गोधडी माघ लागेतो अंगावर यावी, असा हा साधा जमाखर्च आहे.

काम करणारा हात जवळून पाहण्यासारखा असतो. बाई गोधडीच्या बाहेर न बसता गोधडीवरच बसते, त्यामुळे तिच्याच भाराने थर सरकत नाहीत. पायाच्या अंगठ्याने कापड दाबून ती ते पुढ्यात ताणते, सुईच्या टोकाने कापड वरखाली उचलीत एका दमात चारपाच टाके सुईवर चढविते, आणि मग अंगुस्तानाने सुई पुढे रेटून हातभर दोरा सर्रकन ओढून घेते. कडेपासून आरंभ करून चौकटीमागून चौकट आत नेत मध्याकडे जाण्याचीही एक रीत आहे. “आधी कड धरावी ताई, कड धरली की पोट आपोआप बसतं,” असे इंदुरीतल्या एका वृद्ध मावशींनी मला सांगितले, तेव्हा त्यांची नजर समोरच्या टाक्यांवर नव्हती, अंगणात वाळत घातलेल्या भाताकडे शिरणाऱ्या कोंबड्यांवर होती. आणि तरीही ओळ सरळ चालली होती.

सदनिकेत राहणाऱ्यांस एवढे मोठे कापड पसरण्यास जागा नसते, ही अडचण खरी आहे. त्यांनी बाळाच्या दुपट्यापासून आरंभ करावा. मीटरभर लांब व तेवढ्याच रुंद दुपट्यात अंथरुणाच्या गोधडीच्या एकतृतीयांश टाके असतात, आणि घडी केली की ते साध्या कापडी पिशवीत मावते. लोणावळा-पुणे लोकलच्या महिलांच्या डब्यात विणकामाच्या सुया चालताना दिसतात, मटार सोलले जातात. तेथे दुपट्यालाही जागा आहे. नाहीतरी तळेगावहून पुण्यास जाण्यायेण्यात जो वेळ रोज खर्ची पडतो, त्याचा दुसरा मोबदला कोण देणार?

हे काम क्षुल्लक आहे, असे मनात येत असेल तर दोन गोष्टी स्मरणात असाव्यात. पुण्यात रमाबाई रानड्यांनी व गोपाळ कृष्ण देवधरांनी 1909 साली सेवासदन उभे केले, तेव्हा शिवणकामाला त्यांनी शिक्षणाचा दर्जा दिला, आणि निराधार स्त्रीच्या हातातील सुई तिच्या उपजीविकेचे साधन झाली. दुसरी गोष्ट सातासमुद्रांपलीकडची: अमेरिकेच्या अलाबामा राज्यात गीज बेंड नावाच्या खेड्यात, गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांच्या वंशातील कृष्णवर्णीय शेतकरी स्त्रिया शेतातल्या कामाच्या जुन्यापुराण्या कपड्यांच्या गोधड्या शिवीत, 2002 साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्या मांडल्या गेल्या, तेथून न्यूयॉर्कला गेल्या, आणि 2006 साली त्यांच्यावर टपाल तिकिटे निघाली. त्या स्त्रियांचा दिवसही शेतातच सरत असे. आपल्याकडे लोकांनी ज्यांना गोधडेबुवा म्हटले त्या गाडगेमहाराजांच्या अंगावर चिंध्यांचेच वस्त्र होते, आणि त्या वस्त्राचा महाराष्ट्राने केवढा आदर केला हे सांगावयास नको.

आता मुख्य अडचण सवडीपेक्षा कापडाची होऊ लागली आहे. सुती लुगडे नेसणाऱ्या पिढीबरोबर त्याचा पुरवठा आटत चालला असून त्याच्या जागी आलेल्या कृत्रिम धाग्यांच्या साड्या थरांत घसरतात, घाम शोषीत नाहीत आणि विस्तवाजवळ धोक्याच्या ठरतात. धुऊन-धुऊन मऊ झालेल्या सुताच्या थरांत हवा कोंडून राहते आणि तीच ऊब देते. तेव्हा दिवाळीच्या आवराआवरीत बोहारणीला किंवा कचऱ्याला जाणाऱ्या गाठोड्यातून सुती साड्या, धोतरे, पंचे व चादरी तेवढ्या वेगळ्या काढाव्यात. सदऱ्यांच्या पाठी आतल्या थरास उत्तम. गल्लीतून हाळी देत येणारे कारागीर यंत्रावर तासाभरात गोधडी शिवून देतात आणि निकडीच्या वेळी त्यांचा उपयोग निश्चित आहे. परंतु यंत्राचा आवळ टाका जुन्या कापडाला पुष्कळदा चिरतो, आणि हाताच्या सैल टाक्याला जी लवचीकता असते ती त्यात येत नाही, म्हणून विरलेले कापड यंत्राखाली देऊ नये असे माझे मत आहे.

वापरातील गोधडीला ऊन वरचेवर दाखवावे, ती पिळू नये, आणि टाका तुटताच त्याच आठवड्यात तो घालून घ्यावा. पुढे वरचे अस्तर अगदीच विरले तरी ती मोडीत काढण्याचे कारण नाही: तिच्यावर-खाली नवीन कापड चढवून पुन्हा ओळी घालावयाच्या, म्हणजे जुनी गोधडी नवीचे पोट होते; आणि थर जुळविण्याचे बहुतेक काम आधीच झालेले असल्यामुळे, प्रथमच हात घालणाऱ्याने आरंभ अशाच एखाद्या जुन्या गोधडीपासून करणे सर्वांत सोयीचे.